दुकान दांडिया बाजारात, गिऱ्हाईक फोनवर: घरगुती व्यवसायासाठी मोबाइल कंटेंटची पहिली पावलं

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर मी शिवलेल्या नऊवारी तयार करते. तुमची साडी घेऊन तिला काष्टा, निऱ्या, पदर असं सगळं बसवून शिवायचं, म्हणजे नेसायला पाच मिनिटं पुरतात. पहिली काही वर्षं गिऱ्हाईक तोंडी ओळखीतून आलं. एका मुंजीत कुणी माझी साडी नेसलं की पुढच्या लग्नाच्या दोन ऑर्डरी नक्की. २०२० मध्ये लग्नं थांबली, जिना चढून येणारं कुणी उरलं नाही, तेव्हा मी फोनकडे वळले.

त्यानंतरची जवळजवळ दोन वर्षं मी चुकीच्या गोष्टी केल्या. सणांच्या शुभेच्छांची पोस्टर करून द्यायला एकाला दरमहा पैसे दिले. संक्रांतीला पतंग, पाडव्याला गुढी, खाली माझा लोगो. दिसायला छान होती, पण त्या पोस्टरांमुळे एकही साडी शिवायला आली नाही. जे उपयोगी पडलं ते पुढे आपसूक, गिऱ्हाइकांच्या प्रश्नांतून सापडलं. तुम्ही मसाले विकत असा, शिकवण्या घेत असा, मेंदी काढत असा, सुरुवात करताना माझी ती दोन वर्षं तुमची वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. फोनवरचं गिऱ्हाईक सवडीने बसलेलं नसतं. ती बाई कुकरच्या दोन शिट्यांच्या मधे फोन बघते, बँकेच्या रांगेत बघते, बाळाला झोपवताना आवाज बंद करून बघते. एका हातात फोन, अंगठा स्क्रीनवर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली, पाठोपाठ जुलैमध्ये इंस्टाग्रामने रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स सगळ्यात आधी भारतातच सुरू केले. आज आपल्या आईच्या वयाची बाईही उभा व्हिडिओ बघते, व्हॉट्सॲपवर भाव विचारते आणि क्यूआरवर पैसे देते. बघणं, विचारणं आणि पैसे देणं एकाच पडद्यावर आलंय. म्हणून कंटेंटचं कामही एकच: तिला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या हातातल्या पडद्यावर, तिच्या भाषेत, अर्ध्या मिनिटात पोचवणं.

सुरुवातीला काय जमवाल

- मागे बरा कॅमेरा असलेला फोन. महागच हवा असं नाही, माझे पहिले चाळीस व्हिडिओ साध्या अँड्रॉइडवरचे आहेत.
- फोन उभा धरणारा स्टँड, आणि शक्य असेल तर कॉलरला लावायचा छोटा माइक.
- थर्माकोलचा पांढरा पत्रा. सावलीच्या बाजूला उभा केला की अंधार उजळतो.
- व्यवसायासाठी वेगळं सिमकार्ड. घरचा नंबर देऊ नका. रात्री अकराला "ताई, झाली का साडी?" असे फोन येतात.
- पॅन, आधार, बँक खात्याचा तपशील.
- उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद. १ जुलै २०२० पासून ती सरकारी पोर्टलवर होते आणि पूर्ण मोफत आहे. "नोंदणी करून देतो, दोन हजार" म्हणणारी संकेतस्थळं अगदी सरकारी दिसतात, तिथे थांबा.
- जीएसटीबद्दल एकदा सीएला विचारून घ्या. राज्यातली विक्री, परराज्यात पाठवलेला माल आणि नुसती शिलाई यांचे नियम वेगवेगळे आहेत. पुण्याची पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी विचारा, नंतर नको.
- एक साधी वही.

१. प्रश्नांची वही घाला

वही यादीत शेवटी आहे, पण काम तिच्यापासून सुरू होतं. महिनाभर कुणी जे काही विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा. फोनवर, जिन्यात, हळदीकुंकवात, कुठेही. आपल्या शब्दांत सुधारून लिहू नका.

माझ्या वहीतले पहिल्या महिन्यातले काही प्रश्न: साडी कापावी लागते का? आजीची आहे हो. सहावारीची होते का? नंतर उलगडून पुन्हा साडी होईल का? वजन वाढलं तर सैल करता येईल? आणि सगळ्यात जास्त वेळा, आवाज खाली आणून विचारलेला: लग्नाच्या दिवशी बाथरूमला जायचं असलं तर काय करायचं?

हा शेवटचा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकत होते आणि फोनवर एकेकीला समजावत होते. त्याचा व्हिडिओ होऊ शकतो हे डोक्यात आलंच नव्हतं. मग एका नवऱ्या मुलीच्या बहिणीला लेगिंगवर साडी चढवायला लावून नाडी कुठे आहे, काष्टा कसा सोडायचा, परत कसा अडकवायचा हे चाळीस सेकंदांत दाखवलं. माझा सगळ्यात जास्त एकमेकींना पाठवला गेलेला व्हिडिओ अजूनही तोच आहे. नागपूरच्या मुलीने बघून बडोद्याला साडी पाठवली.

जो प्रश्न वहीत तीनदा येतो, त्याचा व्हिडिओ करायचा. एकदाच आलेल्या प्रश्नाला फोनवरच उत्तर द्या. विषय सुचत नाही असं तुम्हाला कधी वाटलं तर समजा, वही लिहायची राहिली आहे.

२. एक प्रश्न, एक व्हिडिओ

इथे मी थोडी रेंगाळणार, कारण नवी माणसं सगळ्यात जास्त इथेच अडतात.

फोन उभा धरा. रील, शॉर्ट आणि स्टेटस तिन्हीला नऊ बाय सोळाचं उभं माप चालतं, १०८० बाय १९२० पिक्सेल. एकदा चित्रित करा, तिन्हीकडे वापरा. चित्रण सुरू करायच्या आधी लेन्स मऊ कपड्याने पुसा. पिठाचे, तेलाचे हात लागलेली लेन्स सगळं धूसर करते, आणि आपण दोष कॅमेऱ्याला देतो.

उजेड खिडकीचा घ्या. वस्तू खिडकीकडे तोंड करून, आपली पाठ खिडकीकडे. घरातला पिवळा दिवा बंद करा. हे मी नुकसान सोसून शिकले. दिव्याखाली काढलेल्या फोटोत डाळिंबी खण विटकरी दिसला, एकीला डाळिंबीच हवा होता, तिने तो बघून नाकारला आणि दुसरीकडे गेली. दुसरीला विटकरी हवा होता, तिला डाळिंबी मिळाला. रंगावर ज्यांचा धंदा आहे, म्हणजे कपडे, मिठाई, फुलं, त्यांनी तरी दिवसाउजेडीच फोटो काढावेत. स्क्रीनवर वस्तूवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनांत फोकस आणि उजेड तिथेच स्थिर होतो. नाहीतर साडीची जरी हलली की सगळं चित्र उजळ-काळं होत राहतं.

सुरुवातीच्या दोन सेकंदांत शेवट दाखवा. "नमस्कार मैत्रिणींनो, मी अमुक, आज आपण बघणार आहोत" एवढं म्हणेपर्यंत अंगठा वर सरकलेला असतो. मी आता आधी तयार काष्टा दाखवते, वर जाड अक्षरांत प्रश्न लिहिते, "साडी न कापता हे होतं का?" आणि मग लगेच हात कामाला लागलेले. ओळख शेवटी, एका वाक्यात.

आवाज बंद असला तरी कळलं पाहिजे. प्रत्येक महत्त्वाचं वाक्य स्क्रीनवर लिहा, एका वेळी पाच-सहा शब्द. देवनागरीला मात्रा-वेलांट्या वर-खाली असतात, म्हणून दोन ओळींत जागा जास्त सोडा. ‘मुक्त’ (Mukta) नावाच्या फाँटसारखी जाड, सुटसुटीत अक्षरं घ्या. नाजूक, वळणदार अक्षरं लग्नपत्रिकेला ठेवा. मजकूर मध्यभागी ठेवा, कारण खाली नाव आणि मथळा येतो, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं. मी एकदा किंमत अगदी खाली लिहिली होती. ती कुणालाच दिसली नाही आणि सगळ्यांनी किंमतच विचारली. जानेवारी २०२५ पासून इंस्टाग्रामच्या प्रोफाइलवरचे चौकोन उभे झालेत, त्यामुळे कव्हरवरचा मजकूरही कडांना चिकटवू नका.

लांबी किती? शॉर्ट्स १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतात, रील्सही २०२५ च्या सुरुवातीपासून तेवढे झाले. पण परवानगी आहे म्हणून तीन मिनिटं भरू नका. माझे वीस ते चाळीस सेकंदांचे असतात. अपवाद मापं कशी घ्यायची याचा. तो दोन मिनिटांचा आहे, कारण चुकीचं माप म्हणजे साडी परत. कमर, सीट, कमरेपासून टाचेपर्यंतची उंची, आणि पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंतचं माप. उंची, त्या दिवशी जी चप्पल घालणार तीच घालून. हा व्हिडिओ झाल्यापासून टेपचा गोंधळ फार कमी झाला.

एका बैठकीत एकच व्हिडिओ करू नका. आठवड्यातून एक सकाळ ठरवा, वहीतले चार प्रश्न घ्या, चारही उरकून टाका. रोज थोडं थोडं करू म्हटलं की दुसऱ्या आठवड्यात बंद पडतं.

३. भाषा कुठली?

बडोद्यात हा प्रश्न फार खरा आहे. आपल्या कित्येक घरांत मराठी बोलली जाते, पण मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकली. त्यांना मराठी ऐकायला गोड लागते, वाचताना मात्र अडखळतात. आणि माझ्याकडे येणाऱ्यांत गुजराती मुलीही भरपूर आहेत, मराठी घरात लग्न होऊन जाणाऱ्या.

मी मराठीत बोलते आणि स्क्रीनवरचा मजकूर सोपा ठेवते. तोच व्हिडिओ दुसऱ्यांदा गुजरातीत बोलून वेगळा टाकते. एकाच व्हिडिओत अर्धं मराठी, अर्धं गुजराती केलं तर दोन्हीकडची माणसं अर्ध्यात सोडून जातात, करून पाहिलंय. आणि बोला तशीच मराठी बोला. आपली बडोद्याची मराठी पुण्यासारखी नाही याचा संकोच नको. "बेन, आ केवी रीते पहेरवानी?" विचारणारीला आणि "काकू, ही नेसायची कशी?" विचारणारीला तुमचा खरा आवाजच ओळखीचा वाटतो.

लिहिताना शोधणाऱ्याचा विचार करा. कुणी नऊवारी लिहितं, कुणी नववारी, कुणी नव्वारी, आणि बरेच जण रोमन अक्षरांत. मथळ्याखालच्या वर्णनात ही सगळी रूपं एकेकदा येऊ द्या, सोबत "बडोदा" आणि "वडोदरा" दोन्ही. जुलै २०२५ पासून इंस्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गूगलच्या शोधातही येऊ लागल्या आहेत, त्यामुळे वर्णनात "लव्हली लुक" लिहिण्यापेक्षा "सहावारी साडीची शिवलेली नऊवारी, बडोदा" लिहिलेलं कामाला येतं. टायपिंगचा कंटाळा असेल तर जीबोर्डवर मराठीत बोलून लिहिता येतं. मग एकदा वाचून ऱ्हस्व-दीर्घ नीट करा.

४. व्हॉट्सॲप बिझनेस: खरं दुकान इथे

रीलवर ओळख होते. सौदा व्हॉट्सॲपवर ठरतो. म्हणून वेळ इथे जास्त द्या.

व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं, मोफत ॲप आहे. नव्या सिमवर ते चालू करा, जुनं व्हॉट्सॲप त्याच फोनवर दुसऱ्या नंबराने चालू राहतं. प्रोफाइलमध्ये वेळ, पत्ता आणि कामाचं एक वाक्य भरा.

मग कॅटलॉग. मी सुरुवातीला साठ फोटो भरले होते. कुणी इतकं खाली जात नाही. आता बारा आहेत: ब्राह्मणी, पेशवाई, लहान मुलींची, खणाची, अशी. प्रत्येकाला शिलाईचा दर, लागणारे दिवस आणि साडी कुणाची हे लिहिलेलं. फोटो पाठवताना एचडी निवडा, नाहीतर काठाची नक्षी दबते.

वहीतल्या प्रश्नांची उत्तरं "झटपट उत्तरं" म्हणून साठवा. चॅटमध्ये तिरकी रेघ टाइप केली की यादी येते. माप, दर, कुरिअरचा पत्ता, धुण्याच्या सूचना. पण साठवलेलं उत्तर पाठवायच्या आधी समोरचीचं नाव आणि एक ओळ हाताने लिहा. "मीनलताई, लग्न कधीचं आहे?" एवढ्याने फरक पडतो.

चॅटला लेबलं लावा: माप आलं, साडी आली, शिवायला घेतली, तयार, पैसे बाकी. लग्नसराईत हीच माझी खतावणी असते.

आता सापळे. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. मी महिनोन्‌महिने दोनशे जणींना पाठवत होते, पोचत होते कितीजणींना कोण जाणे. आता साडी हातात देताना मी सांगते, "नंबर सेव्ह करून ठेवा, नवे खण आले की कळवीन." नको म्हणाली तर यादीत घालत नाही.

न विचारता कुणाला ग्रुपमध्ये घालू नका. मी एकदा सोसायटीच्या, भिशीच्या, शाळेच्या ग्रुपांतून नंबर उचलून मोठा ग्रुप केला. लोकांनी तक्रार नोंदवली आणि ऐन मार्गशीर्षात माझा नंबर काही दिवस बंद पडला. चूक सर्वस्वी माझी होती. दुसऱ्यांचे नंबर ही त्यांची वस्तू आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आला आहे. नंबरांच्या याद्या विकत घेणं तर विसराच.

स्टेटस चोवीस तासांनी जातं, म्हणून तिथे रोजचं, ताजं टाका: आज मशीनवर काय आहे, कुठली साडी तयार झाली. सकाळी डबे भरून झाल्यावर आणि रात्री जेवणं उरकल्यावर माझं स्टेटस जास्त बघितलं जातं. तुमच्या गिऱ्हाइकाची वेळ वेगळी असेल, आठ-दहा दिवस बघा, कळेल.

५. गूगलवर नाव लावा

"माझ्याजवळ नऊवारी शिवणारे" असं बोलून शोधणारी माणसं रोज असतात. गूगल बिझनेस प्रोफाइल मोफत आहे. जुन्या व्हिडिओंत याला गूगल माय बिझनेस म्हणतात आणि वेगळं ॲप दाखवतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये नाव बदललं आणि ते ॲपही नंतर बंद झालं, आता थेट गूगल शोधातून किंवा मॅप्समधून काम करायचं.

पडताळणीला बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. न थांबता एका दमात घ्यायचा: गल्ली आणि आजूबाजूची ओळखता येईल अशी जागा, मग पाटी, मग आतलं सामान, मशीन, कपाटाचं कुलूप उघडताना तुमचे हात. पहिल्यांदा माझा नाकारला गेला कारण मी गल्ली दाखवलीच नव्हती. घरातून काम असेल आणि पत्ता उघड करायचा नसेल तर तो लपवून फक्त सेवेचा भाग देता येतो. एकट्या राहणाऱ्या बायकांनी हे जरूर करावं.

अभिप्राय मागा, पण विकत घेऊ नका. "पाच स्टार द्या, शंभर रुपये कमी करते" हे गूगलच्या नियमात बसत नाही, आणि खोटे अभिप्राय वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात. वाईट अभिप्राय आला तर दुसऱ्या दिवशी उत्तर द्या, त्याच रात्री नाही.

६. इंस्टाग्राम की यूट्यूब?

दोन्हीकडे तोच व्हिडिओ टाका, पण मेहनत एकीकडे घ्या. माझ्या नवऱ्या मुली इंस्टाग्रामवर आहेत, त्यांच्या आया यूट्यूबवर. निर्णय मुली घेतात, म्हणून मी इंस्टाग्रामकडे झुकले. पाककृती किंवा शिकवणी असेल तर मी यूट्यूब म्हणेन, तिथे जुना व्हिडिओही शोधून बघतात.

प्रोफाइलच्या वर तीन पोस्ट पिन करता येतात. माझ्या तीन: मापं, दर, आणि तो बाथरूमचा व्हिडिओ. बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर नावाखाली लिहायच्या ओळखीत, व्हॉट्सॲपची छोटी लिंक टाका, ती बिझनेस ॲपच्या साधनांत तयार मिळते.

गाण्यांचं सांभाळा. व्यवसायाच्या खात्याला प्रसिद्ध गाण्यांचा सगळा साठा वापरता येत नाही. लावणीचं गाणं लावलेला माझा एक चांगला व्हिडिओ आवाज गमावून बसला. आता मी मशीनचा आवाजच ठेवते. निऱ्या दाबल्यावर इस्त्रीचा जो फुस्स होतो ना, तो लोकांना फार आवडतो.

७. दर लिहा

"किंमत मेसेजमध्ये विचारा" हे लिहिणं मी थांबवलं. दर लिहिला की विचारणा कमी होतात, हे खरं आहे. पण ज्या येतात त्या घ्यायच्या तयारीने येतात. दर बदलता असेल तर "इतक्यापासून" लिहा आणि कशाने वाढतो तेही: अस्तर, जाड काठ, तातडी.

८. एआयचा हात किती धरायचा

वर्णनाचा पहिला कच्चा खर्डा, गुजरातीतला अनुवाद, वहीतल्या प्रश्नांचे गट पाडणं, यासाठी मी एआय वापरते. लिहिलेलं मोठ्याने वाचून बघते, पुस्तकी वाटलं तर मोडून पुन्हा लिहिते.

फोटोंसाठी मात्र अजिबात नाही, आणि याबद्दल माझं मत ठाम आहे. एका ओळखीच्या मुलीने एआयने बनवलेल्या मॉडेलवर नऊवारी दाखवली. मागून काष्टाच नव्हता, निऱ्या पदरात मिसळलेल्या. ज्या आजीने आयुष्यभर नऊवारी नेसली ती एका नजरेत ओळखते. आणि जिने ओळखलं नाही, तिला हातात वेगळीच वस्तू मिळाली तर ती परत येणार नाही. तुम्ही जे देणार तेच दाखवा. हात जाडेभरडे दिसले तरी चालतील, ते काम करणारे हात आहेत.

याच कारणासाठी इंटरनेटवरचे दुसऱ्यांचे फोटोही उचलू नका. ते दुसऱ्याचं काम आहे, आणि शिलाई करणाऱ्यांच्या जगात ते कळायला वेळ लागत नाही. नवरीचे फोटो टाकायचे तर लेखी होकार घ्या, व्हॉट्सॲपवरचा "हो" ही पुरतो, पण असू द्या. लहान मुलींच्या फोटोंसाठी आईला विचारा, आणि शाळेचं नाव, गाडीचा नंबर चौकटीत नाही ना, बघा. एखाद्या लोकप्रिय मुलीला फुकट साडी देऊन व्हिडिओ करून घेतलात तर तो सहयोग असल्याचं तिने लिहिलं पाहिजे. जाहिरात मानक परिषदेचे तसे निर्देश २०२१ पासून आहेत.

९. काय मोजायचं

व्ह्यूजवर जाऊ नका. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरतात, त्यामुळे आकडे फुगलेले दिसतात. इंस्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की बघण्याचा वेळ, लाइक आणि इतरांना पाठवणं या तीन गोष्टींना महत्त्व आहे. माझ्यासाठी पाठवणं पहिलं. मुलगी व्हिडिओ आईला पाठवते, आई मावशीला, आणि मग मावशीचा फोन येतो.

महिन्याच्या शेवटी मी वहीत चारच ओळी लिहिते: किती जणींनी विचारलं, कुठे बघून विचारलं, किती साड्या आल्या, किती परत दुरुस्तीला आल्या. "आमच्याबद्दल कुठे कळलं?" हे प्रत्येकीला विचारायची सवय लावा.

फॉलोअर विकत देणाऱ्यांना दारातही उभं करू नका. दहा हजार निर्जीव खाती तुमचा व्हिडिओ बघत नाहीत, आणि मग ॲपला वाटतं की कुणालाच तो आवडत नाही.

१०. फसवणुकीचे प्रकार

मला तीन आले. "तुमच्या पोस्टवर कॉपीराइटची तक्रार आहे, चोवीस तासांत लिंकवर लॉगिन करा" असा अधिकृत दिसणारा संदेश. लिंक उघडू नका, ॲपच्या आत जाऊन बघा. आजच इंस्टाग्राम आणि व्हॉट्सॲप दोन्हीकडे दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. दुसरा, "गूगलमधून बोलतोय, नोंदणीचे पैसे भरा" असा फोन. तिसरा, मोठी ऑर्डर देऊन "पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणणारा. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. हे घरात सासूबाईंनाही सांगून ठेवा, कारण फोन त्याही उचलतात. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन करा.

११. सणांवरून मागे मोजत या

सणाच्या दिवशी शुभेच्छा टाकण्यापेक्षा सणाच्या आधी लोक काय विचारतात ते टाका. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. गर्दीत मला एका साडीला आठ दिवस लागतात, कुरिअरला चार, म्हणून बाहेरगावच्या साड्या ३१ ऑगस्टपर्यंतच घेते. म्हणजे मापांचा व्हिडिओ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा वर आला पाहिजे, आणि चित्रण जुलैत. जुलैत बडोद्यात ढग असतात, खिडकीतून सगळीकडे सारखा, मऊ उजेड येतो. साडीसाठी याहून चांगला उजेड नाही.

त्याच वर्षी अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. लग्नं नसतात, मशीन मोकळी असते, जावयाच्या वाणाची खरेदी मात्र जोरात असते, तेव्हा मिठाई-भांडीवाल्यांनी त्याची तयारी एप्रिलमध्येच करावी. माझ्यासारख्यांनी त्या मोकळ्या महिन्यात वही उघडून दहा प्रश्न निवडावेत आणि दहाही व्हिडिओ करून ठेवावेत. गणपतीत शिवायला बसल्यावर स्टँड लावायला वेळ मिळत नाही.